मूडल, क्लासरूम की कॅनव्हास? तुलना तपासणीपासून सुरू करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सुमारे ४०० विद्यार्थी, १८ शिक्षक, संगणकाचं बघणारा एकच माणूस आणि तोही अर्धवेळ. बहुतेक विद्यार्थी मोबाइलवरून येणार. दर आठवड्याला स्वाध्याय, महिन्याला चाचणी, सत्राच्या शेवटी परीक्षा. मूडल, गूगल क्लासरूम आणि कॅनव्हास या ऑनलाइन वर्ग चालवायच्या तीन यंत्रणांचे वैशिष्ट्यांचे तक्ते तुम्ही शेजारी ठेवून पाहिलेत. तिन्हींत जवळजवळ प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण आहे, मग निवडायचं कशावरून?

तक्ते खोटे नाहीत, पण ते चुकीचं विचारतात. ‘असाइनमेंटची सोय आहे का’ याला तिन्हीकडे ‘हो’ हेच उत्तर आहे. तुम्हाला हवं आहे ते वेगळं: चारशे जणांचं काम तपासून, गुण चढवून, परत देईपर्यंत शिक्षकाचा किती वेळ जातो, आणि परीक्षेच्या दिवशी यंत्रणा अडखळली तर ती सावरायला कोण आहे. साधा हिशोब करा. एका उत्तरपत्रिकेमागे अर्धा मिनिट जास्त लागलं, तर ४०० विद्यार्थी आणि वर्षाला फक्त १० स्वाध्याय धरले तरी २,००० मिनिटं, म्हणजे ३३ तासांहून जास्त वेळ नुसता क्लिक करण्यात जातो. तेवढ्यावर शिक्षक कंटाळतात आणि पुन्हा वॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो मागवायला लागतात. अशा यंत्रणा बंद पडतात त्या बहुतेक वेळा याच कारणाने, एखादी सोय नसल्यामुळे नव्हे.

तीन गोष्टी तुमच्या तुम्हालाच ठरवाव्या लागतील, कारण निवड त्यांवरच फिरते. अंतिम गुणांचं सूत्र किती गुंतागुंतीचं आहे? ऑनलाइन परीक्षेचे गुण निकालात धरले जाणार आहेत की ती नुसती सरावासाठी आहे? आणि सर्व्हर स्वतः चालवायचा आहे का? या तिन्हींची उत्तरं कागदावर लिहा, मग पुढचं वाचा.

आधी काम जमा करण्याचं बघू. विद्यार्थी वहीत लिहून मोबाइलवर फोटो काढणार हे गृहीत धरा. एक फोटो ३ ते ५ एमबीचा असतो. आठ पानांचा स्वाध्याय म्हणजे २४ ते ४० एमबी. सरासरी ३० धरले तरी ४०० जणांचा एकच स्वाध्याय १२ जीबी जागा खातो. म्हणून पहिला नियम असा करा: फोटो सुटे नकोत, मोबाइलमधल्या स्कॅनरने बनवलेली एकच पीडीएफ हवी. स्कॅनर पान सरळ करतो, पार्श्वभूमी पांढरी करतो आणि आकारही बराच खाली आणतो.

मूडल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवलंत तर पहिली तक्रार इथेच येते: ‘फाइल चढत नाही.’ मूडल ज्या पीएचपी भाषेवर चालतं, तिची मूळ मर्यादा एका फाइलला २ एमबी आणि संपूर्ण पोस्टला, म्हणजे एका वेळी पाठवलेल्या सगळ्या माहितीला, ८ एमबी असते. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची स्वतःची मर्यादा १ एमबी, आणि ती ओलांडली की ४१३ क्रमांकाची चूक दिसते. दोन्हीकडे आकडा वाढवावा लागतो, आणि पोस्टची मर्यादा फाइलच्या मर्यादेपेक्षा मोठी ठेवावी लागते. त्यानंतर मूडलच्या आत साइट, कोर्स आणि असाइनमेंट अशा तीन पातळ्यांवर मर्यादा आहेत. सगळ्यांत जी लहान तीच लागू होते, त्यामुळे एकाच ठिकाणी बदल करून ‘केलं तरी होत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. क्लासरूममध्ये ही डोकेदुखी नाही, फाइल थेट गूगल ड्राइव्हमध्ये जाते. मात्र वैयक्तिक खात्याला १५ जीबी जागा असते आणि त्यात मेल आणि फोटोही मोजले जातात. ज्यांचा मोबाइल फोटोंनी भरलेला आहे त्यांचं अपलोड इथे अडतं.

आता मुदत. इथे तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे. मूडलमध्ये दोन तारखा असतात: देय तारीख उलटली की काम फक्त ‘उशिरा’ म्हणून नोंदलं जातं, अंतिम तारीख उलटली की दार बंद होतं. कॅनव्हासमध्ये हेच काम देय तारीख आणि ‘इथपर्यंत उपलब्ध’ ही दुसरी तारीख मिळून करतात. क्लासरूम मुळात उशिराचं कामही स्वीकारतं, मुदतीनंतर स्वीकारणं बंद करायचा पर्याय वेगळा निवडावा लागतो. त्यात आणखी एक खोच आहे: वेळेत जमा केलेलं काम विद्यार्थ्याने मुदतीनंतर मागे घेऊन पुन्हा जमा केलं की त्यावर ‘उशिरा’चा शिक्का बसतो. हे विद्यार्थ्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर एखादा किरकोळ शुद्धलेखन सुधारायला जातो आणि गुण गमावून बसतो.

वेळेबद्दलही सांगतो. क्लासरूम आणि कॅनव्हास मुदतीची वेळ आपणहून रात्री ११:५९ धरतात, मूडल ००:०० धरतं. मूडलमध्ये २५ तारीख ००:०० म्हणजे २४ तारखेची रात्र संपताच मुदत संपली. निम्मा वर्ग २५ तारखेची संध्याकाळ धरून बसलेला असतो. कोणतीही यंत्रणा घ्या, मुदत संध्याकाळी सहा-सातची ठेवा, म्हणजे अडलेल्याला विचारायला कोणीतरी जागं असतं.

तपासणी हा खरा कसोटीचा भाग. कॅनव्हासचा स्पीडग्रेडर, म्हणजे तपासणीचं पान, या तिघांत सगळ्यात सुटसुटीत आहे असं माझं मत आहे: डावीकडे उत्तरपत्रिका, उजवीकडे गुण, रुब्रिक (गुण देण्याच्या निकषांचा तक्ता) आणि शेरा, आणि एका बाणावर पुढचा विद्यार्थी. पीडीएफवर, वर्ड फाइलवर थेट खुणा करता येतात. क्लासरूमचं तपासणीचं पानही असंच चालतं. शेऱ्यांची बँक करून तेच ते शेरे पुन्हा वापरता येतात, हे फार उपयोगी आहे. मात्र तिथे गुण लिहिले म्हणजे विद्यार्थ्याला दिसले असं नाही. काम ‘परत’ करेपर्यंत तो कच्चा आकडाच असतो, आणि नवखे शिक्षक ही पायरी हमखास विसरतात.

मूडलमध्येही पीडीएफवर लाल पेन चालतं, पण त्यासाठी सर्व्हरवर घोस्टस्क्रिप्ट हे पीडीएफ हाताळणारं सॉफ्टवेअर बसवून त्याचा मार्ग सेटिंगमध्ये द्यावा लागतो. तो नसेल तर खुणा करायची सोय दिसतच नाही आणि शिक्षक समजतात की मूडलमध्ये ती नाहीच. वर्ड फाइलवर खुणा करायच्या तर आणखी एक रूपांतरक जोडावा लागतो. म्हणून वरचा ‘फक्त पीडीएफ’ नियम इथेही कामी येतो. याच्या बदल्यात मूडल दोन गोष्टी देतं ज्या मला फार मोलाच्या वाटतात. सगळी कामं एकगठ्ठा झिपमध्ये उतरवून इंटरनेटशिवाय तपासा, गुणांचा तक्ता आणि खुणा केलेल्या फाइली परत एकदम चढवा (झिपमधल्या फोल्डरांची आणि फाइलींची नावं मात्र बदलायची नाहीत, त्यांवरूनच मूडल विद्यार्थी ओळखतं). दुसरी म्हणजे तपासणीचे टप्पे: तपासलं, फेरतपासणीत, जाहीर. दोन परीक्षक असतील तर याला पर्याय नाही.

आता गुणांचं सूत्र. इथे चुका शांतपणे होतात आणि निकालाच्या दिवशी दिसतात. पाच स्वाध्याय प्रत्येकी २० गुणांचे. एकाने फक्त पहिला केला आणि १८ मिळवले. त्याची टक्केवारी किती? मूडल रिकामे गुण मुळातच हिशोबातून वगळतं, म्हणून ९० टक्के दाखवतं. तो पर्याय बंद केला की १८ टक्के. कॅनव्हासही न तपासलेलं सोडून देतं. तिथे ‘न तपासलेलं शून्य धरा’ असा पर्याय आहे, पण तो शिक्षकाच्या पडद्यापुरताच असतो, विद्यार्थ्याला जुनाच आकडा दिसतो. न दिलेल्या कामाला आपोआप शून्य लावायचं तर कॅनव्हासमध्ये त्याचं वेगळं धोरण चालू करावं लागतं. सत्र चालू असताना रिकामे वगळणं योग्यच, नाहीतर पुढच्या स्वाध्यायाचे शून्य धरून सगळेच नापास दिसतील. सत्र संपताना मात्र हा खटका फिरवायचा आहे हे कोणाच्या तरी वहीत लिहिलेलं असू द्या.

क्लासरूममध्ये तीनच रीती: एकूण गुण नको, सरळ बेरीज, किंवा प्रकारानुसार भारांश, ज्यांची बेरीज १०० टक्के व्हायला हवी. प्रकाराच्या पोटात प्रकार नाही, आणि ‘चारपैकी सर्वांत कमी गुणांची चाचणी वगळा’ हेही आपोआप होत नाही. मूडल आणि कॅनव्हास दोन्हींत ते होतं. तुमचं सूत्र ‘स्वाध्याय २०, चाचण्यांपैकी उत्तम तीन मिळून ३०, परीक्षा ५०’ अशा धर्तीचं असेल तर क्लासरूममधून गुण बाहेर काढून स्प्रेडशीटवर हिशोब करावा लागणार. ते चालेल, फक्त डोळे उघडे ठेवून ठरवा.

परीक्षेचं पारडं सगळ्यात स्पष्ट झुकतं. क्लासरूममधली चाचणी म्हणजे गूगल फॉर्म. त्यात घड्याळ नाही, आणि ६० प्रश्नांच्या पेढीतून प्रत्येकाला वेगळे २० काढून देण्याची सोय नाही. प्रश्नांचा आणि पर्यायांचा क्रम तेवढा बदलता येतो. आठवड्याच्या उजळणीला हे पुरेसं आहे, निकालात धरायच्या परीक्षेला नाही. मूडल आणि कॅनव्हास दोन्हींत वेळमर्यादा, पेढीतून यादृच्छिक प्रश्न आणि एखाद्या विद्यार्थ्याला जादा वेळ देणं आहे. मूडलमध्ये शिवाय प्रत्येक प्रश्नाचा सुलभता निर्देशांक (तो किती जणांना जमला) आणि भेददर्शक निर्देशांक (हुशार आणि कच्च्या मुलांत तो फरक करतो का) मिळतो. हुशार मुलं चुकली आणि कच्ची मुलं बरोबर आली असा प्रश्न सापडला, तर बहुधा उत्तरसूचीच चुकलेली असते. निकाल लावण्याआधी पाच मिनिटं तो तक्ता बघाच.

स्वतःच्या सर्व्हरवर परीक्षा घेणार असाल तर धोका दहाच्या ठोक्याला आहे. एरवी ४०० पैकी १५-२० जण एका वेळी आत असतात, परीक्षेला सगळेच्या सगळे एकाच मिनिटाला बटण दाबतात. १ जीबी रॅममागे १० ते २० जण एका वेळी, हा मूडलचा जुना, जरा सावध ठोकताळा. त्या हिशोबाने ४०० जणांना किमान २० जीबी लागते, आणि नेहमीच्या दिवशी त्यातली बरीचशी रिकामी बसते. उपाय स्वस्त आहे: चार गट करा आणि प्रत्येकाची सुरुवात दहा-दहा मिनिटांच्या अंतराने ठेवा. प्रत्येक पान उलटताना डेटाबेसमध्ये नोंद होते, म्हणून एका पानावर एकच प्रश्न ठेवण्यापेक्षा चार-पाच ठेवा. नेट गेलं तर उत्तरं जातील अशी भीती असते, पण मूडल ठरावीक अंतराने, मूळ सेटिंगमध्ये मिनिटाला एकदा, उत्तरं आपोआप जपून ठेवतं. परीक्षेआधी खोट्या खात्यांनी नव्हे, खऱ्या वर्गाला खऱ्या वेळी पाच गुणांची गमतीची चाचणी देऊन बघा.

देवनागरीत प्रश्न काढणाऱ्यांसाठी काही खाचखळगे वेगळेच आहेत, आणि ते कोणत्याही तक्त्यात नसतात. नावांची यादी एक्सेलमधून सीएसव्ही (साध्या मजकुराचा तक्ता) करताना ‘यूटीएफ-८’ हा देवनागरी जपणारा पर्याय निवडला नाही तर सगळी नावं प्रश्नचिन्हांत जातात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका तशाच चिकटवल्या तर कचरा दिसतो, आधी रूपांतर करून घ्या. मूडलमध्ये एकदम प्रश्न चढवायला एकेन नावाचा सोपा साचा आहे: एका ओळीत प्रश्न, खाली पर्याय, शेवटी उत्तराची ओळ. प्रश्न मराठीत चालतो, पण पर्यायांची अक्षरं आणि उत्तराचा शब्द इंग्रजी मोठ्या लिपीतच लागतो. लघुत्तरी प्रश्न आपोआप तपासायचे असतील तर जास्त जपा. ‘ॲसिड’ आणि ‘अॅसिड’ डोळ्यांना सारखे दिसतात, पण पहिल्यात ‘ॲ’ हे एकच चिन्ह आहे आणि दुसऱ्यात ‘अ’वर वेगळा चंद्र दिलेला आहे. यंत्राला ते दोन वेगळे शब्द आहेत. कीबोर्ड बदलला की बरोबर उत्तर चूक ठरतं. दोन्ही रूपं मान्य उत्तरांत टाका, किंवा तिथे बहुपर्यायी प्रश्नच घ्या. संख्यात्मक प्रश्नात उत्तराचे आकडे इंग्रजीत लिहायचे, ही सूचना प्रश्नातच द्या.

सर्व्हरचं ओझं किती? मूडल २००२ पासून आहे, मुक्त स्रोत आहे, आणि पीएचपी चालणाऱ्या कोणत्याही बऱ्या सर्व्हरवर उभं राहतं. उभं करणं अर्ध्या दिवसाचं काम, चालतं ठेवणं कायमचं. क्रॉन, म्हणजे ठरलेली कामं आपोआप करणारी सर्व्हरवरची सोय, दर मिनिटाला चालायला हवी. ती थांबली की एकेक गोष्ट गपचूप मरते: मेल जात नाहीत, वेळ संपलेल्या चाचण्या आपोआप जमा होत नाहीत, ‘पूर्ण’ची खूण लागत नाही. (फोरमची मेल अर्धा तास उशिरा जाते ती मात्र बिघाड नव्हे, लेखकाला चूक सुधारायला तेवढा वेळ दिलेला असतो.) पीएचपीतली फॉर्मच्या रकान्यांची मर्यादा मुळात १,००० असते, ती ५,००० करा. नाहीतर मोठ्या वर्गाचा गुणतक्ता जतन करताना तळाच्या नोंदी गळू शकतात. बॅकअप म्हणजे तीन गोष्टी: डेटाबेस, मूडलडेटा हे फोल्डर, आणि कोड कॉन्फिग फाइलसकट. नुसता डेटाबेस जपणाऱ्याकडे गुण राहतात, उत्तरपत्रिका जातात. नवी मोठी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते. प्रत्येकीमागे धावू नका, दीर्घकाळ आधार असलेली आवृत्ती धरा, आणि अद्ययावत करणं सुट्टीत, आधी नकली प्रतीवर करून बघा.

कॅनव्हासचा कोडही खुला आहे, पण तो स्वतः चालवायचा विचार तुमच्या मनुष्यबळात करू नका. रूबी ही भाषा, पोस्टग्रेस आणि रेडिस हे माहितीसाठे आणि पार्श्वभूमीत चालणारी कामं असा तो संसार अर्धवेळ माणसाला पेलत नाही. कॅनव्हास घ्यायचं तर कंपनीकडून चालवून घ्यायचं.

क्लासरूममध्ये सर्व्हर नाही, म्हणून जबाबदारी नाही असं वाटतं. तिथली खरी मेख खात्यांची आहे. शिक्षकाने स्वतःच्या वैयक्तिक खात्यातून वर्ग काढला तर वर्ग आणि त्यातलं साहित्य त्याच्या खात्याशी बांधलेलं राहतं. तो सोडून गेला, खातं पुसलं, की फाइलीही गेल्या. वैयक्तिक खात्यात एका वर्गाला २५० जणांची मर्यादाही आहे. गूगलचं शिक्षणसंस्थांसाठीचं वर्कस्पेस (संस्थेच्या नावाची खाती) घ्या. त्याच्या मूळ विनामूल्य आवृत्तीत संपूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी जागा असते आणि खाती तुमच्या ताब्यात राहतात. प्रत्येक वर्गाला दुसरा शिक्षक सहशिक्षक म्हणून जोडून ठेवा. आणि वर्कशीट देताना ‘प्रत्येकासाठी वेगळी प्रत’ हा पर्याय पाठवण्याआधीच निवडा, नंतर तो बदलता येत नाही. एकाच फाइलवर चाळीस जण एकमेकांची उत्तरं खोडतात ते यामुळेच.

व्हिडिओ कोणत्याच यंत्रणेत थेट चढवू नका. १.५ एमबीपीएसचा दहा मिनिटांचा व्हिडिओ ११० एमबीच्या पुढे जातो, नुसता ६४ केबीपीएसचा आवाज ५ एमबीच्या आत राहतो. मोबाइलवर शिकणाऱ्याला आवाज आणि स्लाइडची पीडीएफ पुष्कळदा जास्त कामाची असते. तयार स्कॉर्म धडे (वेगवेगळ्या यंत्रणांत चालावेत म्हणून ठरावीक साच्यात बांधलेले) असतील तर क्लासरूम ते चालवत नाही, मूडल स्कॉर्म १.२ नीट चालवतं. त्यातही ‘जिथे सोडलं तिथून पुढे’ची माहिती ४,०९६ अक्षरांतच मावते. लांबलचक धडा मध्येच विसरतो ते यामुळे, धड्याचे तुकडे करा.

तुमच्या वर्णनावरून माझा कल सांगतो. गुणांचं सूत्र साधं असेल आणि सत्रपरीक्षा कागदावरच होणार असेल तर क्लासरूम घ्या, बाकी वाद नको. परीक्षा ऑनलाइन आणि निकालात धरली जाणार असेल तर मूडल घ्या, पण दुसऱ्याने चालवलेलं. तुमच्या अर्धवेळ माणसाला सर्व्हर नव्हे, शिक्षकांच्या अडचणी सांभाळू द्या. रोजचं क्लासरूमवर आणि परीक्षा मूडलवर अशी जोडीही चालते, दोन लॉगिनचा त्रास फक्त परीक्षेच्या दिवसांत होतो. कॅनव्हास वापरायला तिघांत गोड आहे. संस्था त्याची वर्गणी दरवर्षी भरू शकणार असेल तरच त्याकडे बघा.

ठरवण्याआधी दोन आठवड्यांचा प्रयोग करा. तीन शिक्षक निवडा, त्यातला एक तरी संगणकाला बिचकणारा असू द्या. एकच धडा, एक स्वाध्याय, एक चाचणी, तीस विद्यार्थी. तीस उत्तरपत्रिका तपासून परत द्यायला किती मिनिटं लागली ते घड्याळ लावून मोजा. विद्यार्थ्यांना साध्या मोबाइलवरून, वायफाय बंद करून काम जमा करायला सांगा. शेवटच्या दिवशी सगळं बाहेर काढून बघा: गुण स्प्रेडशीटमध्ये, प्रश्नपेढी फाइलमध्ये, कोर्स बॅकअपमध्ये, आणि तो बॅकअप दुसऱ्या रिकाम्या जागी उघडतो का. एडमोडो ही अशीच ऑनलाइन वर्गाची यंत्रणा, जगभर वापरात असूनही २२ सप्टेंबर २०२२ रोजी बंद झाली. ज्यांनी साहित्याची प्रत स्वतःकडे ठेवली नव्हती त्यांना ते नव्याने बनवावं लागलं. क्लासरूममधून साहित्य ड्राइव्हच्या फाइली म्हणून सहज निघतं, पण वर्गाची रचना सोबत येत नाही. मूडलचा एमबीझेड नावाच्या फाइलीतला बॅकअप पूर्ण असतो, पण तो मुख्यतः मूडलसाठीच बनवलेला असतो. प्रश्न मात्र मूडलच्या एक्सएमएल साच्यात वेगळे काढून ठेवा, तीच तुमच्या शिक्षकांची सगळ्यात जास्त मेहनत असते.